पावाशिवाय एक हॉटडॉग

"या पावात साखर किती असते रे, बेतो?" अमेरिकेतल्या तूसान शहरात हॉटडॉगच्या गाडीपुढच्या रांगेत ऐकलेला त्या म्हातारीचा आवाज वीस वर्षांनीही माझ्या कानात आहे.

"असते थोडी, ओफेलियाआजी. आपला मेक्सिकोतल्या सोनोराचा पाव गोडसरच."

"आणि सॉसेजला गुंडाळलेल्या बेकनमध्ये?"

"मीठ न् चरबी. म्हणून तर चव!"

"अगं, तू खायला आलीस की गाडीची झडती घ्यायला?" शेजारी उभा तिचा नवरा म्हणाला.

"तुम्ही थांबा हो जरा, एलिसेओ. बेतो, वर घालतोस त्या घेवड्याच्या दाण्यांचं काय?"

"घेवडा चांगला, आजी. पोटाला आधार."

"मग मला नुसता घेवडा आणि भाजलेली मिरची दे. पाव नको."

"पावाशिवाय? ही गाडी सुरू करणारा माझा बाप थडग्यातून उठून बसेल, आजी!"

"ओफेलिया, चाळीस वर्षं दर रविवारी चर्चमधून आपण थेट इथं येतो. माझ्या साखरेच्या धास्तीनं तूही पाव सोडलास होय? परवाच्या तपासणीत डॉक्टरीण म्हणाली ना, मी ठणठणीत आहे!"

"तुम्ही आहातच ठणठणीत."

"मग?"

तव्यावर मिरची तडतडली.

"तपासणी दोघांची झाली होती, एलिसेओ. माझं काय निघालं, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. मधुमेह मला झालाय."