सुटली म्हण

नौपाड्यातल्या दवाखान्यात जगनकाका बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला बसले होते. बायको कांता गेल्यापासून ते एकटेच यायचे. समोरच्या बाकावर एक तरुण जोडपं कुजबुजत होतं.

"करिश्मा, फोन दे."

"सकाळी तूच दिलेलास ना? म्हणालेलास, मार्केट बंद होईपर्यंत देऊ नको, मी पाया पडलो तरी."

"एकदाच बघतो. शेअर पडला असेल तर विकून मोकळा होतो."

"मागच्या वेळी पण एकदाच बघितलेलंस, धनेश. विकायचं सोडून अजून घेऊन बसलास."

"अगं, हात बघ कसे थरथरतायत माझे!"

"वा! रिपोर्ट माझा, आणि थरथरतोस तू."

"दे ना गं!"

"माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेलीस. तू फोन मागितलास तर मी मरेन म्हणून."

"मग सुटली म्हण ना. म्हटलं की सुटते."

"आज? इथे बसून?"

"हो, म्हण पटकन!"

"सुटली. घे."

जगनकाकांच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात सिस्टरने हाक मारली, "करिश्मा भोईर! गाठीचा रिपोर्ट आलाय. सोबत कोण आहे? डॉक्टरांनी त्यांनाही आत बोलावलंय."

धनेशची मान फोनमधून वर झाली नाही. करिश्मा पदर सावरून उठली.

"सिस्टर, कोणी नाही."

"मी आहे," जगनकाका म्हणाले आणि उभे राहिले.