वाईचं पाणी

गोपीनाथ : रिकामा? अख्खा कॅन रिकामा? विनया, अगं ते पाणी म्हणजे औषध आहे माझं, बजावलं होतं ना तुला!

विनया : ओरडू नका. आधी तोंड पुसा. आत्ता ओकून आलात आणि लगेच घसा ताणताय.

गोपीनाथ : ओकणारच! लखनऊचं पाणी मला बाधतं, आल्यापासून बोंबलतोय. सुधीर बिचारा, सख्खा भाऊ माझा, वाईहून घरच्या विहिरीचं पाणी घेऊन आला, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये तो कॅन पायाशी सांभाळत बसला, आणि तू काय केलंस त्याचं? भांडी घासलीस?

विनया : तुम्हीच प्यालात. दिवाळीच्या आधीच संपलं ते.

गोपीनाथ : काहीतरीच! दिवाळीच्या रजेत रोज तेच पीत होतो. एकदा तरी पोट दुखलं?

विनया : नाही दुखलं. आणि रजेभर त्या कॅनमध्ये इथल्या नळाचं पाणी होतं. मी भरत होते.

गोपीनाथ : काय?

विनया : हो, फसवलं तुम्हाला! उकळलंसुद्धा नाही. चौकात जाऊन कचोऱ्या हाणल्यात, घरी येऊन नळाचं पाणी ढोसलंत आणि ढेकर देऊन म्हणालात, "वाईचं पाणी ते वाईचंच!" आज रजा संपली, बूट घालायला बसलात आणि बेसिनकडे पळालात.

गोपीनाथ : म्हणजे मी सोंग करतो?

विनया : सोंग करणाऱ्याच्या उलटीत रक्त नसतं हो! पाहिलंय मी. दुखणं खरंच आहे. ते त्या पाण्यावर ढकलताय, त्याची चीड येते मला.

गोपीनाथ : मग कशानं दुखतं, तूच सांग.

विनया : मी सांगू? डॉक्टरांनी विचारलं, "कोई टेंशन है?" तर छाती काढून म्हणालात, "बिलकुल नहीं." त्या खोट्या तपासणी अहवालावर सही केली नाहीत, म्हणून वर्षभर तो साहेब तुम्हाला मीटिंगमध्ये उभं करून ठेवतोय. हे मला शेजारच्या सक्सेनाबाईंकडून कळावं?

गोपीनाथ : हळू बोल. खिडकी उघडी आहे.

विनया : असू दे! कळू दे सगळ्या इंदिरानगरला!

गोपीनाथ : काय सांगू डॉक्टरला? साहेब रागावतो म्हणून पोट दुखतं? शाळेतलं पोर आहे का मी? उद्या वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवतील. ऑफिसात आधीच हसतात, त्यात ही भर!

विनया : पोटाला भोक पडल्यावर हसायचे थांबणार आहेत का ते? तिथं मिठाची गुळणी धरून उभे राहता, आणि सगळा राग घरी आणून आमच्यावर काढता. परवा ताट भिरकावलंत. काय तर म्हणे पोळी गार होती!

गोपीनाथ : पुरे! मी एसटीडी बूथवर जातो, सुधीरला सांगतो दुसरा कॅन पाठवायला. जुई! स्कूटरची चावी आण!

(जुई दारातच उभी. हातात चावी, शाळेचं दप्तर पोटाशी धरलेलं.)

जुई : पापा, उस पानी से मेरा भी ठीक हो जाएगा?

गोपीनाथ : तुझं काय?

जुई : पेट. मेरा भी दुखता है.

विनया : अगं, कधीपासून? बोलली नाहीस ती!

जुई : शाम को होता है. जब पापा का स्कूटर गेट पे आता है. छुट्टियों में नहीं हुआ.

गोपीनाथ : रोज दुखतं?

जुई : जिस दिन आप बाहर से ही ज़ोर-ज़ोर से हॉर्न बजाते हो ना, उस दिन ज़्यादा.

विनया : बोला आता. हिला कुठल्या विहिरीचं पाणी पाजू?

गोपीनाथ : ...चावी राहू दे, जुई. इकडे ये. कुठं दुखतं, दाखव बघू.

जुई : यहाँ.

गोपीनाथ : विनया, चप्पल घाल. डॉक्टरांकडे जाऊ. तिघंही.

विनया : आणि ऑफिस?

गोपीनाथ : खड्ड्यात गेलं.

विनया : तिथं गेल्यावर पुन्हा "बिलकुल नहीं" म्हणणार असाल तर मी येत नाही. आत्ताच सांगते.

गोपीनाथ : नाही म्हणणार. साहेबाचं सांगतो. आणि स्कूटरचंही.