उणे बाराला नकार

वसईच्या दवाखान्यात आशालताबाईंचा नंबर पुढचाच होता. शेजारच्या बाकावर एक तरुण मुलगी आपल्या आईकडून बीजगणित करून घेत होती. आई यंदा बाहेरून दहावीला बसणार होती.

"आई, वाफ्याची रुंदी किती मीटर आली?"

"दोन उत्तरं आली. सात आणि उणे बारा."

"मग कुठलं घ्यायचं?"

"सात. उणे बारा मीटरच्या वाफ्यात मोगरा लावू कुठे?"

"बरोबर. पण उणे बारावर तू नुसती काट मारलीस. 'रुंदी ऋण नसते' असं कारण लिहायचं. नाहीतर मार्क जातो."

"कारण लिहायलाच हवं?"

"हवंच."

"मग रविवारच्या स्थळावर तू नुसती काट कशी मारलीस?"

"आई! हळू बोल."

"पगार चांगला, विरारला स्वतःचा ब्लॉक. तुझे बाबा तेव्हापासून घुश्श्यात आहेत. सांग कारण."

"गच्चीत तो म्हणाला, लग्नानंतर शिकवण्या बंद करायच्या."

"आणि?"

"आणि या वयात आईला दहावी कशाला, लोक हसतील."

"आशालताबाई, चला आत," कंपाउंडरने हाक मारली.

"माझ्या मागच्यांना सोडा आधी," आशालताबाई जागच्या न हलता म्हणाल्या.

"हे बाबांना का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वेडी कुठली! संध्याकाळी मी सांगते त्यांना. तुला पूर्ण मार्क."

"खरंच?"

"खरंच. आता पुढचं गणित घाल. जरा अवघड बघून."