समोरच्या घरातली खिचडी

श्यामला : झाकण काढू नका. वास नको मला.

दिगंबर : निवलीय. गरम अन्नाचा वास जास्त येतो, असं त्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या ना? आणि हा लाकडी चमचा.

श्यामला : केमो सुरू झाल्यापासून पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं, चमच्याचं काय घेऊन बसलात. आहे काय त्यात?

दिगंबर : मुगाची खिचडी. तूप, किसलेलं पनीर, थोडं लिंबू. वजन आणखी उतरलं तर सोमवारचा डोस पुढे ढकलतील.

श्यामला : वजन उतरावं म्हणून वर्षानुवर्षं पर्वती चढले. तेव्हा नाही उतरलं.

दिगंबर : दोन घास खा.

श्यामला : ...बरी आहे. नसीमबानूंच्या हाताला चव आहे हो. आपल्याकडे फोडणीचा वास नको म्हणून समोरच्या घरातून रोज करून देतात बिचाऱ्या.

दिगंबर : हं.

श्यामला : हं काय? या, नसीमबानू. छान झालीय खिचडी.

नसीमबानू : मला कशाला सांगता ताई? भाऊंना सांगा. अजून बोलला नाहीत, भाऊ? ताई, गॅस फक्त माझा. रांधतात तेच.

श्यामला : हे?

नसीमबानू : पहिल्या दिवशी कुकरमध्ये पाणीच घातलं नाही. शिट्टीची वाट बघत समोर खुर्ची टाकून बसले.

दिगंबर : भाभी, तो विषय मिटला होता.

श्यामला : बँकेत मॅनेजर, घरात पाहुणा. जन्मात चहा केला नाही या माणसानं. मूग भाजून घेतले होते?

दिगंबर : भाजायचे असतात?

श्यामला : बघा. हळद कमी, हिंग पुढे पुढे करतोय. आणि लिंबू उकळतानाच पिळलंय, म्हणून कडवट लागतंय.

दिगंबर : तसंच केलं.

नसीमबानू : ताई, कडवट कळलं तुम्हाला?

श्यामला : कळलं की. न कळायला काय झालं?

नसीमबानू : काही नाही. परवापर्यंत सगळं लोखंडच होतं, म्हणून विचारलं.

श्यामला : ...अहो, मला सांगितलं का नाहीत?

दिगंबर : मी केलंय म्हटल्यावर चाखायच्या आधीच नापास केलं असतंस.

श्यामला : केलंच असतं.

नसीमबानू : वाटी द्या ताई, विसळून टाकते.

श्यामला : थांबा, अजून आहे त्यात... अगंबाई. संपली?

दिगंबर : मला नावं ठेवता ठेवता संपली.

श्यामला : (तोंड पुसत) मग उद्याही चुकवा काहीतरी.