बँकॉकच्या गच्चीवरील संकष्टीबाबत

मी, दिपमाला विलास बिऱ्हाडे, वय ४७ वर्षे, व्यवसाय जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, राहणार मेहरूण, जळगाव. मला कुणी बोलावलेलं नाही. मी आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते ते असे:

सौ. सुलक्षणा युवराज बोरसे, राहणार पिंप्राळा, ही माझी बऱ्याच वर्षांची मैत्रीण आहे. तिचे पती युवराज बोरसे यांनी तिला गेल्या महिन्यात घराबाहेर काढलं. नऊ वर्षांची मुलगी हर्षाली हिला धुळ्याला आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. आईला मुलीशी फोनवरसुद्धा बोलू देत नाहीत. कारण काय, तर बायको बँकॉकला रात्री हॉटेलच्या गच्चीवर परक्या माणसाबरोबर एकटी होती. त्यांच्याकडे एक एवढासा व्हिडिओ आहे. सुलक्षणा एकटी नव्हती. मी तिथे हजर होते.

आमची बायकांची भिशी आहे. भिशीतल्या आम्ही पाच जणी मे महिन्याच्या सुट्टीत बँकॉकला गेलो. पुढारी मोहिनी. मोहिनीच्या मालकांचं फर्निचरचं शोरूम आहे आणि ते शोरूम आपणच बांधलं अशा थाटात ती चालते. विमानतळावर तिने सगळ्यांना सारख्या गुलाबी टोप्या वाटल्या. मी घातली नाही. त्यावरून पहिल्याच दिवशी माझं नाव 'मास्तरीणबाई' पडलं. पडू दे म्हटलं.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. सुलक्षणाचा उपास होता. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून तिने एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला वर्षभराच्या चतुर्थ्या बोलल्या होत्या. ऑपरेशन झालं, सासूबाई जिने चढू लागल्या, तरी हिच्या चतुर्थ्या चालूच. मी तिला म्हटलं होतं, परदेशात कोण बघतंय, खा गं. ती मला वहिनी म्हणते. म्हणाली, बघायचा प्रश्न नाही वहिनी, बोलले आहे. मी स्वतः बौद्ध आहे, उपासतापास करत नाही. पण बोललेलं पाळणारं माणूस मला कळतं.

सकाळी आम्ही पहुडलेल्या बुद्धाच्या विहारात गेलो. मूर्ती केवढी मोठी आहे हे मला सांगता येणार नाही. तिच्या पायांशी बसल्यावर मला रडू आलं, माझ्या आईला हे बघायला मिळालं नाही म्हणून. मागून मोहिनी ओरडली, "दिपमाला, सरक ना जरा, फोटोत येतेस!" मग तिने बुद्धासारखीच आडवी होऊन, डोक्याखाली हात घेऊन फोटो काढायला लावला. तिथल्या बाईने येऊन उठवलं. बाकीच्या दोघी फिदीफिदी हसत होत्या. माझी चौथीची पोरं सहलीत यापेक्षा बरी वागतात.

दुपारी नदीतून बोटीने फिरवलं आणि बाजारात सोडलं. पर्स, चपला, पुन्हा पर्स. सुलक्षणाने उपासाला म्हणून केळी घेतली. जळगावची बाई बँकॉकला केळी विकत घेते आणि एक घास खाऊन तोंड वाकडं करते, हे बघून दिवसभरात मी एकदाच मोकळी हसले.

संध्याकाळी दिव्यांच्या आणि नाचगाण्याच्या गल्लीत गेलो. तिथे मोहिनीने घेतलं ते ज्यूस नव्हतं. जळगावात हीच मोहिनी कुणाच्या सुनेचा पदर खांद्यावरून किती सरकला याचा हिशेब ठेवते. मी तिच्या पिण्याबद्दल तक्रार करत नाही, ज्याचं त्याने बघावं. मला चीड आहे ती वेगळ्या गोष्टीची. तिथे नाचताना कुणीही व्हिडिओ काढायचा नाही, अशी शपथ तिनेच सगळ्यांना घातली होती. ती पाळली गेली. फक्त सुलक्षणाचा अपवाद केला.

नऊ-सव्वानऊच्या सुमारास दोन इमारतींच्या मधून चंद्र दिसला. मी सुलक्षणाला म्हटलं, तो बघ निघाला, सोड एकदाचा उपास. तिने तिथूनच सासूबाई द्रौपदाबाई यांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "तठला चांद आपला नई शे. आठे चांद निंघना का मी सांगसू, तवय सोड." म्हणजे तिथला चंद्र चालायचा नाही, जळगावला निघेल तेव्हाच उपास सोडायचा. आपल्या कॅलेंडरात त्या दिवशी चंद्रोदय नऊ वीसचा होता. तिकडचं घड्याळ दीड तास पुढे. म्हणजे डोक्यावर चंद्र घेऊन ही बाई आणखी दीड तास उपाशी. मी म्हटलं, अगं चंद्र काय जळगावला वेगळा ठेवलाय का? ती म्हणाली, राहू द्या वहिनी, आईंचा जीव शांत राहतो. मला तिचाही राग आला होता. लिहून घ्या.

आम्ही दोघी हॉटेलवर परत आलो. बाकीच्या तिघी मागून आल्या. गच्चीला कुलूप होतं. तिथला पहारेकरी, साठीचा माणूस, त्याला मी हातवारे करून चंद्र दाखवला, सुलक्षणाने हात जोडून दाखवले. त्याला काय समजलं देव जाणे, पण त्याने किल्ली आणली, टॉर्च धरली आणि वर घेऊन आला. सुलक्षणाने ओल्या रुमालात गुंडाळून दुर्वा घरून नेल्या होत्या. डबीत राजगिऱ्याचे लाडू होते. तिने द्रौपदाबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. फोन धरून मी त्या दोघांपासून लांब, बाजूला उभी होते. म्हणून सदर व्हिडिओत मी दिसत नाही.

द्रौपदाबाई पिंप्राळ्याच्या घराच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, "निंघना." मग सुलक्षणाने चंद्राला पाणी सोडलं, दुर्वा वाहिल्या, नमस्कार केला. मी फोन सगळीकडे फिरवून दाखवला. पहारेकरी दिसल्यावर त्या म्हणाल्या, "हाऊ कोन शे?" मी सांगितलं, यांनी दार उघडून दिलं. त्या म्हणाल्या, "मंग त्या भाऊले बी लाडू दे." सुलक्षणाने लाडू दिला. त्याने त्यांच्या पद्धतीने हात जोडून मान लववली, तिनेही लववली, आणि दोघं हसले. दिवसभर उपाशी राहिलेली बाई होती, हसणारच. व्हिडिओत तेवढंच आहे.

हा व्हिडिओ मोहिनीने गच्चीच्या दाराआडून काढला. वर येऊन दोन शब्द बोलायची तिला गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी तो भिशीच्या ग्रुपवर आला, खाली लिहिलं होतं, 'आमची सुलू, रात्र तरुण आहे.' तिथून तो कुणाकुणाच्या फोनवरून युवराज यांच्या दुकानापर्यंत पोचला. मी मोहिनीला जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, "अगं गंमत होती, इतकं काय मनावर घ्यायचं?" आता ती आणि बाकीच्या दोघी म्हणतात की आम्ही झोपलो होतो, आम्हाला काही माहीत नाही. झोपेत व्हिडिओ काढणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली.

युवराज बोरसे यांनी चार नातेवाइकांसमोर बायकोला नको ते शब्द वापरले. तेव्हा, सुलक्षणाने मला सांगितलं त्याप्रमाणे, द्रौपदाबाई त्याच खोलीत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं, की अरे मी फोनवर होते, लाडू मीच द्यायला लावला. बोलल्या नाहीत. पोराचा आवाज चढला होता, त्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं. सुनेला पाडलं. वर्गात खोटं बोललेलं पोर निदान मान खाली घालतं. या बाई पदर सारखा करून बसून राहिल्या. याला मी निर्लज्जपणा म्हणते. हवालदार साहेबांनी विचारलं की दुसरा शब्द चालेल का. चालणार नाही.

काल सकाळी द्रौपदाबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, "मास्तरीण, त्या फोननं नाव काढू नको. घरनं घरमा ऱ्हाऊ दे. पोरले दोन दिनमा आनी देसू." म्हणजे गच्चीवरच्या त्या व्हिडिओ कॉलचं नाव मी काढायचं नाही, मग पोरीला दोन दिवसांत आणून देऊ. याचा अर्थ सरळ आहे. सुलक्षणाने गच्चीवरचा डाग आपल्या अंगाला लावून घ्यायचा, मग मुलगी मिळेल. मी फोन ठेवला. मी ते लगेच सुलक्षणाला सांगितलं, कारण मुलगी तिची आहे, माझी नाही. हर्षालीला धुळ्याला नेऊन पंचवीस दिवस होत आले. ती रात्री आईचा हात धरल्याशिवाय झोपत नाही, हे मला माहीत आहे.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी सुलक्षणा माझ्या शेजारी बाकावर बसली होती. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या तो भाग काढून टाकायचा का, असं मी तिला शेवटचं विचारलं. काढला तर दोन दिवसांत पोरगी घरी येईल, ठेवला तर कोर्टकचेरी, किती दिवस लागतील कुणी सांगावं. तिने पदराने डोळे पुसले आणि हवालदार साहेबांकडे बघून म्हणाली, "राहू द्या. आणि नुसतं सासू लिहू नका, नाव पूर्ण लिहा. द्रौपदाबाई दगडू बोरसे." लग्नाला अकरा वर्षं झाली, ती त्यांना आई म्हणत आली. त्यांचं नाव तिच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं. नाव तसं लिहिलं आहे, ते मी वाचून पाहिलं, आणि बाकी सगळंही मी सांगितलं तसंच आहे, म्हणून खाली सही करते.

सही/-
दिपमाला विलास बिऱ्हाडे