काटा मधोमध आहे ना!

काका मोटार चालवत असताना बायकांनी बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. का, असं विचारायचीही सोय नव्हती.

एकदा काका, बाबा, आई आणि मी खंडाळ्याला निघालो. खोपोलीजवळ अंधारून आलं आणि मोटारीचे दिवे पिवळे पडू लागले. पुढे बोरघाट, एका अंगाला दरी. मी नियम मोडला.

"काका, बॅटरी उतरतेय."

"समोरचा बॅटरीचा काटा दिसत नाही? मधोमध आहे. म्हणजे सगळं ठीक!"

घाटाच्या पायथ्याशी काकांनी इंजिन आणि दिवे बंद केले आणि इंजिनात पाणी घालायला ते व बाबा उतरले. मी पुढे वाकून दिव्यांचं बटण दाबलं. इंजिन बंद असताना दिवे लावले, तर वीज बॅटरीतून खर्च होते आणि काटा डावीकडे, खर्चाच्या बाजूला, झुकायलाच हवा. तो तसूभरही हलला नाही.

"काका, काटा अडकलाय. बॅटरी संपली तरी तो मधोमधच राहील!"

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं?"

"गप बस गं," बाबा म्हणाले. "उशीर होतोय."

मी खाली उतरले.

"मी या गाडीतून घाट चढणार नाही. तुम्ही जा दरीत!"

काकांनी काट्याकडे पाहिलं, बाबांनी मिणमिणत्या दिव्यांकडे. तेवढ्यात मागचं दार उघडून आईसुद्धा खाली उतरली.