एक्केचाळीस

किर्ती : ...म्हणजे निकालाच्या वेबसाइटवर सीट नंबर टाकायच्या चौकटीत नंबर नव्हताच, काका. एक अवतरणचिन्ह होतं आणि त्याच्यापुढे सरळ हुकूम. एका मुलीच्या निकालात 'गैरहजर'च्या जागी एक्केचाळीस लिहा.

हिंदुराव : कुठल्या तारखेचं म्हणालीस?

किर्ती : सोळा जून दोन हजार अकरा. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. परीक्षा विभागातल्या तिसऱ्या टेबलावरचा कॉम्प्युटर. तिथे कोण बसायचं विचारलं, तर सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं.

हिंदुराव : मग ते स्वप्न नव्हतं.

विठा : अहो, काय बोलताय? कालच डोळ्याचं ऑपरेशन झालंय यांचं, किर्ती. मोतीबिंदूचं, आणि दुसऱ्यानंही अंधुकच दिसतं. पट्टी आहे तोवर असे तंद्रीतच असतात.

हिंदुराव : तंद्रीत नाही गं. चौदा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की जेवण झाल्यावर टेबलावर डोकं टेकलं होतं आणि झोपेत काहीतरी टाइप केलं. खरंच तसं आठवतं मला. पडदे ओढलेले, पंखा हळू फिरतोय, आणि स्क्रीनवरचे सीट नंबर पाण्यावर तरंगल्यासारखे हलतायत.

किर्ती : सर्व्हरच्या नोंदीत स्वप्न नसतं, काका.

हिंदुराव : नसतं. तू वेबसाइटमधलं ते भोक शोधलंस कसं?

किर्ती : विद्यापीठानं आमच्या कंपनीला सगळी वेबसाइट तपासायला दिलीय. बाकीचं नवीन आहे, पण जुने निकाल बघायचं पान अजून तुमच्या वेळचंच चाललंय. मी नंबराऐवजी एक अवतरणचिन्ह टाकलं. सर्व्हरला वाटलं, प्रश्न इथं संपला, आता पुढचा हुकूम मानायचा. सगळ्या पोरांचे निकाल समोर आले. वाचता येतात, बदलतापण येतात. कोणीही बदलू शकतं. मग आधी कोणी हे केलंय का म्हणून जुन्या नोंदी चाळल्या.

हिंदुराव : ते पान मीच लिहिलं होतं. क्लार्क होतो मी. अंबरनाथला सहा महिन्यांचा क्लास केला, तेवढंच शिक्षण. मला वाटायचं, नंबर विचारला की माणूस नंबरच सांगणार. दुसरं काही कशाला लिहील?

किर्ती : मग तुम्हाला कळलं कधी?

हिंदुराव : अकरा सालीच. कोणाच्या तरी नंबरामागे चुकून ते चिन्ह पडलं आणि सगळी यादी उघडी. साहेबांना लेखी दिलं. ते म्हणाले, चालत्या गाडीला हात लावू नका, निकाल तोंडावर आहेत. कागद फायलीत गेला.

किर्ती : आणि ती मुलगी? यशोधरा?

हिंदुराव : कॅम्प चारच्या वस्तीतली. वडील अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. केमिस्ट्रीच्या एका पेपरला गैरहजर लागली होती. पेपर तिनं दिला होता. हजेरीच्या कागदावर तिची सही मी स्वतः पाहिली. उत्तरपत्रिकाच कुठेतरी गहाळ झाली होती. ती दर दोन-तीन दिवसांनी यायची, खिडकीशी उभी राहायची. कधी आवाज चढवला नाही. साहेब म्हणायचे, पुढच्या वर्षी परत बसा. मग एक दिवस ती आलीच नाही. त्या दुपारी मी...

विठा : हे मला कधी सांगितलं नाहीत.

हिंदुराव : काय सांगणार होतो?

विठा : झोपेत 'गैरहजर, गैरहजर' म्हणायचात. मला वाटायचं, हापिसातली हजेरी घेतायत.

किर्ती : काका, एक्केचाळीसच का? तिला बाकी विषयांत साठच्या वर आहेत.

हिंदुराव : भीती. चाळीसला पास होतं. साठ लिहिले असते तर कोणाचं तरी लक्ष जाईल असं वाटलं. एक्केचाळीसकडे कोण बघतं? पास झाली, संपलं. तिचं भलं केलं, असंच मी धरून चाललो.

किर्ती : मी तिला भेटलेय.

हिंदुराव : कधी?

किर्ती : परवा. परीक्षा विभागाचं पत्र घेऊन गेले होते, ओरिजिनल मार्कशीट बघायला. अंबरनाथच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. बदलाबद्दल मी काही बोलले नाही, नुसतं म्हटलं, जुन्या नोंदी पडताळतोय. तिनं कपाटातून मार्कशीट काढली आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाली, हा पेपर मला सगळ्यात चांगला गेलाय असं वाटत होतं. उत्तरं आजपण आठवतात. मग पेपर सापडला असं धरलं, एक्केचाळीस बघितले आणि कळलं, आपल्याला आपलंच समजत नाही.

हिंदुराव : असं म्हणाली?

किर्ती : हसत म्हणाली. एम.एस्सी.चा फॉर्म आणून ठेवला होता तिनं. भरलाच नाही. आतापण लॅबमध्ये एकच द्रावण दोनदा तपासते म्हणे. पोरं चिडवतात.

विठा : पाणी देऊ का तुम्हाला?

हिंदुराव : नको.

(हिंदुराव पाय टेकवून झोपाळा थांबवतात.)

हिंदुराव : ती नापास झाली असती, तर चिडली असती आमच्यावर. भांडली असती. पेपर हरवलाय हे तिला माहीत होतं. मी तिला पास केली आणि ते माहीत असणंच काढून घेतलं.

किर्ती : तुम्ही वाईट हेतूनं नाही केलं.

हिंदुराव : रिपोर्टमध्ये हेतूचा रकाना आहे का?

किर्ती : नाही.

हिंदुराव : मग माझं नाव लिही. भोक कोणी पाडलं, कोणी वापरलं, दोन्हीकडे.

विठा : अहो, चौकशी लागेल. या वयात कुठे खेटे घालणार तुम्ही?

हिंदुराव : ती घालायचीच की खेटे. तिचं काय होईल, किर्ती? डिग्री जाईल?

किर्ती : मी नियम वाचलेत. विद्यापीठाच्या चुकीनं पेपर हरवला असं सिद्ध झालं, तर बाकीच्या विषयांची सरासरी देतात. तिला त्रेसष्ट मिळतील. पण हजेरीचा तो कागद असेल तरच.

हिंदुराव : जुन्या रेकॉर्डरूममध्ये लाल फडक्यात बांधलेला आहे. मीच बांधलाय. टाकवला नाही हातून. चौकशीला बोलावतील तेव्हा मी काढून देतो. एक डोळा तोवर उघडेल.

किर्ती : रिपोर्ट उद्या जाईल. ते पान मी आत्ताच बंद करायला लावलंय. नंतर तिला ऑफिसचं पत्र जाईल.

हिंदुराव : पत्रात काय असतं?

किर्ती : 'नोंदीत अनधिकृत फेरफार आढळून आला आहे.' असंच काहीतरी.

हिंदुराव : म्हणजे पुन्हा तिला वाटणार, आपलंच काही चुकलं. नंबर आहे तिचा?

किर्ती : काका, खरं तर मी द्यायला नको.

हिंदुराव : देऊ नकोस. लावून दे. मला दिसतही नाहीये.

विठा : लाव गं. नाहीतर रात्रभर झोपायचे नाहीत.

किर्ती : ...हॅलो, ताई, मी किर्ती. परवा आले होते ती. माझ्याजवळ एकजण आहेत, तुमच्याशी बोलायचंय त्यांना. हो, आत्ताच. घ्या काका. ऐकतायत त्या.

हिंदुराव : यशोधराताई, मी हिंदुराव. तुम्ही खिडकीशी यायचात, तेव्हा आत बसलेला. नाही, नाही, काळजीचं काही नाही. एवढंच सांगायचं होतं. केमिस्ट्रीचा तुमचा तो पेपर कोणी वाचलाच नव्हता.